कॅलेंडरवरच्या तीन रेघा

अक्रोड फोडता येतात का हो तुम्हाला? — नाही येत, तर शिकवते, त्यात काय, जोर लागतच नाही मुळी. बसा, ती खुर्ची घ्या, मांजर उठेल आपण होऊन. किल्ली ना — किल्ली कुठे जात नाही, ती बघा दाराजवळ खिळ्याला आहे, बत्तीस वर्षं तिथेच आहे. पण नोव्हेंबर लागला की ईस्टरपर्यंत म्युझियम बंद असतं आमचं, आतले दिवेसुद्धा काढून ठेवतो, आणि बाहेर हा पाऊस, त्या जुन्या शाळेची पायरी निसरडी झालीय — मागच्याच आठवड्यात पोस्टमन घसरला तिथे आणि पडल्या पडल्या सगळ्या गावाला शिव्या घातल्या त्याने. जरा थांबू या. काल संध्याकाळी तुम्ही आलात, खोली घेतलीत, आज सकाळपासून दोनदा मण्याचं विचारलंत, मला ऐकू आलं नाही असं नाही. नेते मी तुम्हाला. पाऊस थोडा उणावू दे. तोवर हे टोपलं पुढ्यात घेऊ. अक्रोड असा धरायचा, टोक वर, बूड दगडावर, आणि हातोडी हलकी, शेजाऱ्याचं दार वाजवल्यासारखी — बघा, अख्खा गर निघाला. अख्खे या टोपलीत, मोडलेले त्या. मोडलेल्यांचं तेल निघतं. माझ्या हातांकडे नका बघू, हिरव्या सालीचा काळा डाग आहे तो, घासला तरी नाताळपर्यंत जात नाही.

मणी पाहून बहुतेक लोक जरा निराशच होतात, आधीच सांगून ठेवते. मसुरीच्या दाण्याएवढा आहे. हस्तिदंताचा, मधे भोक, एवढंच. काचेवर भिंग लावलंय म्हणून दिसतो तरी. आमच्या सासूबाई — लेओंतीन — त्यांना पहिल्यांदा दाखवला तेव्हा म्हणाल्या, याच्यासाठी एवढ्या मोटारी आल्यात? माझ्या मूत्राशयातून डॉक्टरांनी काढला तो खडा याच्याहून मोठा होता, त्याला कोणी कपाट नाही केलं. अशा होत्या त्या. पण रोककोंब गाव आज उभं आहे ते या मण्यावर, हेही खरं. गावाच्या वेशीवर पाटी पाहिलीत ना, तिच्यावर तो काढलाय — रंगाऱ्याने एवढा मोठा काढला की भोपळा वाटतो, पण तो मणी आहे. बेकरीत बदामाचे गोड मणी मिळतात. उन्हाळ्यात शाळांच्या बस येतात. आणि मी मुलांना सांगते — बत्तीस वर्षं तेच सांगतेय, झोपेतसुद्धा सांगेन — की कड्याखालच्या आपल्या कपारीत दोन थर आहेत, वरच्या थरात आपल्यासारखी माणसं राहायची, खालच्या थरात त्यांच्याही आधीची, जाड भुवयांची, ज्यांना सगळे रानटी म्हणायचे. आणि हा मणी सापडला खालच्या थरात. म्हणजे त्या जाड भुवयांच्या माणसांनाही गळ्यात काही घालावंसं वाटत होतं. मुलांना फार आवडतं हे. एक मुलगी मागे रडली होती.

जोरात नको, हलकं. हं, असं.

मी कशी आले यात? अहो, मी कुठली यायला, मला आणलं. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, सव्वीस वर्षांची होते. प्रोफेसर काझनाव दर वर्षी पोरं घेऊन खणायला यायचे, सप्टेंबर-ऑक्टोबर. कपारीतली माती बादल्यांनी खाली नदीकाठच्या धुणं धुवायच्या जागेवर आणायची, आणि तिथे गावच्या बायका ती पाण्यात चाळायच्या. कपडे धुण्याचीच जागा, कपडे धुण्याचेच दगड, प्रत्येकीची जागा ठरलेली. पाण्यात हात गारठून जायचे. माती वाहून जाते आणि चाळणीत बारीक खडे राहतात — त्यात हाड, गारगोटीच्या कपच्या, काय काय. बाकीच्या गप्पा मारत चाळायच्या. मी बघत चाळायची. मी हायस्कूल पास होते ना, मला वाटायचं हे माझ्या शिक्षणातलं आहे. सासूबाई म्हणायच्या, शिकलेली सून आणली, आता चिखल धुते, शाबास, उद्या दगडांना पावडर लाव. पण प्रोफेसर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, या मादामचे हात बघा, हिच्या चाळणीत कधी काही हरवत नाही. सगळ्यांसमोर म्हणाले ते. घरी कोणी असं म्हणत नव्हतं. रोलाँ — माझा नवरा, आता येईलच तो जेवायला — तो चांगला आहे, पण तो सूपच्या उरलेल्या घोटात वाइन ओतून वाडगा तोंडाला लावतो आणि म्हणतो, बरं झालंय, हेच त्याचं कौतुक.

तर त्या वर्षी ऑक्टोबरात असाच पाऊस लागला. चाळलेले खडे वाळेचनात. तंबूत सगळं ओलं. तेव्हा मीच म्हटलं, प्रोफेसर, आमच्या माळ्यावर अक्रोड वाळतात, कौलांखालून वारा येतो, तिथे ठेवा. अक्रोड वाळवायच्या लाकडी मांडण्या असतात, दोन खणांच्या, एक वरचा खण, एक खालचा, त्यांत पट्ट्यांचे ट्रे. चार मांडण्या होत्या आमच्या. शेवटची मी रिकामी करून दिली. बुधवारी दुपारी ते खडे वर चढवले. चढवले एका विद्यार्थ्याने, ज्याच्या खड्ड्यातली माती होती त्याने. त्याने काय केलं, वरच्या थरातले खडे वरच्या खणात ठेवले, खालच्या थरातले खालच्या खणात, जमिनीत असतात तसेच. आणि चिठ्ठ्या ट्रेवर नाही ठेवल्या, ट्रे ओले होते, शाई पसरली असती. चिठ्ठ्या त्याने मांडणीच्या लाकडाला खिळे ठोकून टांगल्या. वरच्या खणाला एक, खालच्या खणाला एक. फार नीटनेटका मुलगा. प्रत्येक खिळा ठोकताना आधी बोटाने लाकूड चाचपायचा, फाटेल का म्हणून.

आणि मग झाली ती गंमत. — गंमतच म्हणायची. हे मी सहसा सांगत नाही, पण तुम्ही काही पेपरवाल्या नाही, आणि गोष्ट जुनी झाली. अक्रोड वाळवताना रोज सकाळी ट्रे फिरवावे लागतात बघा. वरचे लवकर वाळतात, खालचे दमट राहतात, बुरशी धरतात. म्हणून रोज वरचा ट्रे खाली, खालचा वर. इथल्या कुठल्याही घरात बघा, बायका उठल्या की कॉफीच्या आधी हे करतात, डोळे मिटून करतात. तर सासूबाई सवयीने वर गेल्या असणार, आणि चारही मांडण्यांचे ट्रे फिरवून आल्या असणार. उंदरांसाठी सगळ्यांवर गोणपाट घातलेलं असायचं, खाली अक्रोड की खडे, कळणार कसं. आणि चिठ्ठ्या काय, त्या आपल्या लाकडाला होत्या तिथेच. रोलाँला मी सांगितलं हे, सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी. तो एवढा हसला की वाइन नाकात गेली. म्हणाला, आईने माणसाचा इतिहासच खालीवर केला की, आणि कपाळावर एक सुरकुती नाही. हसला आणि विसरला. मीही हसले. काय करणार, त्या गेलेल्या, त्यांना काय विचारणार.

घ्या ना, खाऊन बघा एक. ताजा आहे, आतली साल कडवट लागते, पण मग गोड होतो.

सासूबाईंची शिस्त फार. पोस्टमन नववर्षाला कॅलेंडर देतो ना, चित्रांचं, त्या वर्षीचं घोड्यांचं होतं, ते पलंगासमोर भिंतीवर लावून घेतलं होतं त्यांनी. ट्रे फिरवून आलं की त्या दिवसाच्या घरात पेन्सिलीने एक रेघ मारायची. रेघ दिसली नाही की पलंगावरून हाक — जोझियान, अक्रोडांना काय आज सुट्टी का? अशी रोज पलंगावरून —

काय? — हो, पलंगावरून. का बरं?

हां.

लक्षात आलं तुमच्या. हुशार आहात. इतक्या वर्षांत रोलाँच्या लक्षात नाही आलं, आणि त्याची तर सख्खी आई. सप्टेंबरातच खुब्याचं हाड मोडलं होतं त्यांचं. अक्रोड वेचताना पडल्या, तीन महिने पलंगावर होत्या. माळ्याला शिडी आहे, शिडी चढणं सोडा, त्यांना अंगणात बसवायलासुद्धा दोन माणसं लागायची. त्या कशा वर जाणार. नाही गेल्या त्या.

मी गेले. दुसरं कोण जाणार होतं.

पण मुद्दाम नाही केलं हो, हे मात्र शपथेवर सांगते. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. पहाटेचा अंधार, माळ्याला एकच खिडकी, खालून सासूबाईंच्या हाका, आणि हात आपले चालतात. पहिली मांडणी, दुसरी, तिसरी, चौथी. ट्रे जड लागला असेल, नाही कशाला म्हणू, पण पावसाने अक्रोड जड झालेत एवढंच मनात आलं असेल, तेही आलं की नाही आठवत नाही. खाली आले, रेघ मारली, कॉफी ठेवली. तीन दिवस. रविवारी नाही केलं, रविवारी सासूबाईंचं औषध आणायला चर्चच्या आधी डॉक्टरकडे जायचं होतं, उशीर झाला, राहून गेलं. संध्याकाळी त्या म्हणाल्या, रविवारची रेघ कुठेय? मी म्हटलं, आज देवाचा दिवस, अक्रोडांनाही असू दे. पहिल्यांदाच त्यांच्यापुढे तोंड उघडलं होतं मी. मनात खूशही झाले. आता बघा — गुरुवारी वरचं खाली गेलं. शुक्रवारी परत जागेवर आलं. शनिवारी पुन्हा खाली. रविवारीही फिरवले असते, तर चार झाले असते, आणि सगळं जागच्या जागी असतं. हा हिशोब मी किती वेळा केलाय म्हणून सांगू. भांडी घासताना करते. एका रेघेने चुकलं.

सोमवारी मी वर जायच्या आधीच प्रोफेसर चिमटा आणि बशी घेऊन माळ्यावर बसले, म्हणून त्या सकाळीही ट्रे फिरवायचे राहिले. खालच्या खणातला ट्रे ओढला, वर चिठ्ठी, खालचा थर. तासाभरात ओरडलेच ते. मणी. आणि मण्याबरोबर हस्तिदंताच्या बारीक कपच्या, म्हणजे तिथेच बसून कोणीतरी मणी घडवला होता. मला हाक मारून वर बोलावलं, तळहातावर ठेवला माझ्या. मी काय सांगू तुम्हाला. तोवर मला काही माहीत नव्हतं. तेवढा अर्धा दिवस मी खरंच आनंदात होते, तो अर्धा दिवस माझा आहे.

दुपारी तो मुलगा आला, वही घेऊन. त्याच्या वहीत लिहिलेलं होतं, हस्तिदंताच्या कपच्या वरच्या थरात, खूप, आणि खालच्या थरात एकही नाही. तीन आठवडे तो गुडघ्यांवर बसून त्या खड्ड्यात होता. म्हणाला, सर, खाली काही नव्हतं. प्रोफेसर म्हणाले, मग हे काय आहे? वाईट माणूस नव्हते ते. पण त्यांची चाळीस वर्षं गेली होती खणण्यात, आणि हातात मणी होता. म्हणाले, चिठ्ठी कोणी लावली? — मी, सर. बादल्या कोणी भरल्या? — मी, सर. वर कोणी आणल्या? — मीच. मग? तीन आठवडे झोपा काढत होतास का तू? आणि तो मुलगा त्या ट्रेपाशी बसला. वर गेला तेव्हा चर्चच्या घंटेचे दोन वाजले होते, खाली आला तेव्हा चार. स्वतःच्या हाताने टांगलेली चिठ्ठी, खाली ढीगभर कपच्या. त्याला असं वाटलं नाही की जगात कोणी बाई सकाळी ट्रे फिरवत असेल. तो बोर्दोचा, फ्लॅटमध्ये वाढलेला, अक्रोड दुकानात मिळतात एवढंच त्याला माहीत. त्याला वाटलं, आपल्या डोळ्यांसमोर होतं आणि आपल्याला दिसलं नाही.

तुम्ही ती टरफलं ओळीत लावताय.

मघापासून बघतेय. मोठी एकीकडे, बारीक एकीकडे, अर्धकं सगळी पालथी. कोणी असं करत नाही. आम्ही ढीग करतो आणि शेगडीत घालतो. असं एकटा तो मुलगाच करायचा या टेबलावर, याच बाजूला बसून, आणि सासूबाई पलंगावरून विचारायच्या, काय रे, टरफलांची परेड आहे का? काल तुम्ही पाहुण्यांच्या वहीत नाव लिहिलंत ते दुसरंच आहे, नवऱ्याचं असेल. पण कपाळ त्याचंच आहे. काल दारातच मला वाटलं, आणि मी म्हटलं, नसेल, पुष्कळ माणसांना कपाळ असतं.

फाब्रिसची मुलगी ना तू?

— असू दे. रडू नकोस, मी रडत नाहीये तर तू कशाला. पाणी देऊ? ... जिवंत आहे ना तो? — पंचावन्न, हो, तेवढाच असणार, माझ्याहून तीन वर्षांनी लहान होता. बरं आहे ना सगळं? — लिमोजला? भांड्यांच्या कारखान्यात? काय करतो तिथे? — ताटल्या तपासतो. तडा गेलेल्या बाजूला काढतो. आणि एकेक ताटली दोनदा बघतो म्हणून बाकीचे हसतात त्याला. — काय म्हणालीस? घरात सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या? मीठ, साखर, खिळे, सगळ्यावर? आणि चिठ्ठी झाकणावर नाही, डब्यावर, चिकटवून, वरून दोरा बांधून? — थांब. थांब जरा. ही हातोडी बाजूला ठेवते.

आणि मण्याचं कधीच काही बोलला नाही? मग तुला कसं कळलं? — मासिकात. डॉक्टरकडच्या मासिकात फोटो आला, आणि त्याने ते पान मिटलं आणि म्हणाला, मी एकदा तिथे काम करायचो, माझे डोळे चांगले नव्हते. एवढंच. आणि तुला तेवढ्यावरून यावंसं वाटलं. चांगली मुलगी आहेस. मला नाही मूल झालं. झालं असतं तर मला बघून त्याला काय कळलं असतं, देव जाणे.

आता राहिलेलं ऐक, म्हणजे मला पुन्हा सांगायला नको. तुला वाटत असेल, बाईला नंतर कधीतरी कळलं, तोवर तो गेला होता, पत्ता नव्हता. मलाही तसंच वाटून घ्यायला आवडतं. तसं नाही झालं. सोमवारीच, माळ्यावरून उतरला तसा तो इथे आला, या दारात उभा राहिला, पाय पुसून. म्हणाला, मादाम जोझियान, एक विचारू? ते ट्रे कोणी हलवले तर नव्हते? आणि मी लगेच म्हटलं, नाही रे, कोण हलवणार. लगेच म्हटलं. आणि म्हणता म्हणताच माझ्या या दोन हातांना आठवलं. डोक्याला नंतर आठवलं, हातांना आधी. तो म्हणाला, हो, मलाही तसंच वाटलं, तुम्ही काळजी घ्याल हे माहीत होतं. आणि गेला तो. मी आत जाऊन कॅलेंडर बघितलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. बोट ठेवून मोजल्या रेघा. सासूबाई बघत होत्या. म्हणाल्या, काय मोजतेस? मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, काही नाही तर तोंड असं का झालंय, दूध नासल्यासारखं?

सांगणारच होते. त्या संध्याकाळी प्रोफेसर गावच्या मेयरना घेऊन जेवायला आले, मी बदक केलं होतं, आणि मी ठरवलं की ताटल्या उचलताना सांगते. फाब्रिस टेबलाच्या टोकाला बसला होता, जेवत नव्हता. मेयर म्हणाले, शाळा बंद पडणार होती आपली, आता तिथे म्युझियम करू. प्रोफेसर म्हणाले, करा, आणि किल्ली कोणाकडे द्यायची ते मी सांगतो. आणि उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले, असे, काळे डाग असलेले, आणि सगळ्यांना दाखवले. म्हणाले, या हातांनी चाळला नसता तर मणी नदीत गेला असता. रोलाँ बघत होता माझ्याकडे. आतून सासूबाईंनीही ऐकलं असणार, कारण त्या काही बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याला केवढी किंमत होती ते तुला नाही कळायचं. मग मी ताटल्या उचलल्या आणि आत नेल्या. मनात म्हटलं, सकाळी सांगते. एकट्या फाब्रिसला सांगते. सकाळी काय, सकाळ होतेच.

त्याला कोणी काढलं नाही, हे तुला माहीत असू दे. जेवण झाल्यावर तो स्वतःच म्हणाला, सर, मी जातो, मला हे काम जमण्यासारखं नाही. प्रोफेसर म्हणाले, विचार कर. तो म्हणाला, केला. इतका शांत म्हणाला की सगळ्यांना बरंच वाटलं.

ऊठ, ते मिठाचं जुनं खोकं दे मला, फळीवरचं. तेच, झाकणाचं. मीठ नाही त्यात. हे बघ. घोडे. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांचं सगळं जाळलं, हे नाही जाळलं. इकडे उलट. ऑक्टोबर. हा गुरुवार, हा शुक्रवार, हा शनिवार. रविवार कोरा. पेन्सिल फिकी झालीय पण दिसतंय, दिसतंय ना तुला? पेन दे तुझं. मी इथे खाली लिहिते — ट्रे मी फिरवले, तीन वेळा. जोझियान. तारीख आजची घालते. घे. पुढच्या उन्हाळ्यात नवीन माणसं येणार आहेत म्हणे कपारीत, त्यांना दे, प्रोफेसर तर आता राहिले नाहीत, त्यांचं भलं झालं. आणि मेयरला मी सांगते, माझं मला सांगू दे तेवढं. पाटी उतरवतील किंवा नाही उतरवणार. बेकरीवाला मणी विकायचं काही थांबवणार नाही, त्याला थर कुठले माहीत. रोलाँला सांगणं अवघड जाईल. त्याच्या आईवर ढकललं मी.

पण आधी बापाला दे. माझ्या वतीने माफी मागू नकोस, माफी मागितली की तो लगेच म्हणेल, असू दे, मादाम जोझियान, आणि ते मला नकोय. एवढंच सांग की त्याचे डोळे चांगले होते. त्याच्या वहीत लिहिलं होतं ते बरोबर होतं, सगळं, शेवटच्या कपचीपर्यंत.

ही किल्ली. तू एकटीच जा, मी नाही येत. काचेच्या कपाटाला कुलूप नाही, नुसतं दिसतं तसं. भिंग जरा डावीकडे सरकव, मग भोक नीट दिसतं. आणि जा आता, बारा वाजतील, रोलाँ येईल, सूप चढवायचंय मला. छत्री दाराशी आहे.

जा ना. का उभी आहेस?

— त्या सकाळी? त्याला सांगितलं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा-चाळीसच्या बसला मी त्याच्याबरोबर फाट्यापर्यंत गेले. अख्ख्या गरांची एक पिशवी त्याच्या हातात दिली, प्रवासाला. तो म्हणाला, आभारी आहे, मादाम जोझियान. बस आली, तो गेला. मी घरी आले, माळ्यावर जाऊन ट्रे फिरवले आणि खाली येऊन मंगळवारची रेघ मारली.